नळीत दोष नव्हता

समारंभाच्या अध्यक्षा डोरीन हॉफरबाई, व्यासपीठावर बसलेले पास्टर लिंडक्विस्ट, ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ते अर्विड टॉलेफ्सन, त्यांच्या पत्नी मार्लिसबाई, बेल फोर्क रायफल क्लबचे सभासद, आणि ज्यांनी आज संध्याकाळपुरते आपले दोन्ही बंब बाहेर अंगणात काढून आपल्याला हा हॉल मोकळा करून दिला ते अग्निशमन दलाचे सर्वजण,

मला दहा मिनिटं दिली आहेत. डोरीनबाईंनी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे, ते मला दिसतंय.

मी इथे का उभा आहे, ते कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. ‘व्हर्लिन हाउक, अर्विड यांचे सर्वांत जुने आणि समाधानी गिऱ्हाईक.’ यातलं ‘जुने’ खरं आहे.

अर्विड यांनी आयुष्यभर काय केलं हे पुढच्या रांगांना सांगायला नको. पण मागे काही जावई आणि सुना बसल्या आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. दुकानातून आणलेली रायफल चारशे यार्डांवर पाच गोळ्या एका बशीएवढ्या जागेत टाकते. हरणासाठी बशी पुरते. प्रेअरी डॉग, म्हणजे कुरणात बिळं करून राहणारा तो खारीच्या जातीचा प्राणी, बिळाच्या तोंडाशी उभा राहतो तेव्हा तो तीन इंच रुंद असतो. त्याला बशी पुरत नाही. आणि ज्या कुरणात त्याची वस्ती झाली तिथे गवत उरत नाही, आणि घोड्याचा पाय बिळात गेला की घोडा उरत नाही, हे इथल्या जावयांना पहिल्याच उन्हाळ्यात कळतं.

तर अर्विड ती बशी लहान करायचे. कारखान्याची नळी काढून टाकायची, चांगल्या पोलादाची नवी नळी लेथवर चढवायची, केसाच्या जाडीचाही फरक राहू द्यायचा नाही. मग बंदुकीचं लोखंड लाकडी दस्त्यात असं बसवायचं की त्याला कुठूनही ताण नको. शेवटी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये एक डॉलरची नोट घालायची आणि टोकापर्यंत सरकवत न्यायची. नोट कुठे अडकली की पुन्हा घासायला बसायचं. मी विचारलं होतं, एवढं कशाला? ते म्हणाले, “हिला कुणी धरलेलं आवडत नाही. मार्लिससारखी आहे.”

मार्लिसबाई, हे त्यांनी म्हटलं होतं. मी फक्त सांगतोय.

माझी रायफल त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी केली. सात महिने लागले. हातात देताना त्यांनी ती लगेच सोडली नाही. म्हणाले, “व्हर्लिन, दहा गोळ्या. मग नळीवर हात ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. हात ठेवता आला नाही तर बंदूक खाली आणि कॉफी वर.”

मी म्हणालो, “आणि कॉफी संपली तर?”

“तर घरी जायचं. डॉग उद्याही तिथेच असतात.”

हसा. मीही हसलो होतो.

त्या जूनमध्ये माझा मेहुणा रॉजर आणि त्याचा एक मित्र मिनेसोटाहून आले. मी त्यांना दक्षिणेकडच्या कुरणात नेलं. वारा पडला होता. आपल्याकडे असा दिवस वर्षातून किती वेळा येतो? मी साडेचारशे यार्डांवर पहिल्या दहा गोळ्यांत नऊ टिपले. रॉजरच्या मित्राने दुर्बीण डोळ्यावरून काढली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं. मी नळीवर हात ठेवला आणि मोजायला लागलो.

रॉजर म्हणाला, “हे काय चाललंय? ताप बघतोयस का तिचा?”

मी म्हणालो, अर्विडनं सांगितलंय.

“तुझा अर्विड इथे नाहीये. डॉग मात्र आहेत. मार की लेका, का चर्चमध्ये बसलायस?”

मी हात काढला. तीन तासांत दोनशे चाळीस गोळ्या झाडल्या. नळीवरची हवा अशी थरथरत होती की दुर्बिणीतून समोरचं दिसेना. तेव्हा मी काय केलं? थांबलो? बर्फाच्या पेटीतलं पाणी नळीवर ओतलं. वाफ निघाली. रॉजर टाळ्या वाजवत होता. मी पुढच्या गोळ्या भरल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळी तापलेली असताना झाडत राहिलं, की काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे, आतल्या बाजूला, पोलादाला भेगा पडतात. आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. बाहेरून काही दिसत नाही.

ऑगस्टच्या सामन्यात माझ्या गोळ्या कागदभर पसरल्या. मी शेवटून दुसरा आलो. शेवटचा आला त्याची दुर्बीण सैल झाली होती. सगळे विचारायला लागले, व्हर्लिन, काय झालं रे? मी म्हणालो, “नळीच वाईट आहे. अर्विडनं पोलाद हलकं वापरलंय.”

एवढंच. एका वाक्यात झालं. अर्विड तेव्हा कॉफीच्या टेबलापाशी होते. त्यांच्या कानावर गेलं की नाही, हे मी वळून बघितलं नाही.

सोमवारी मी रायफल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नळीत घालायची ती बारीक दिव्याची दुर्बीण काढली. आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग मला विचारलं, “तापवली होतीस का?”

“नाही,” मी म्हणालो. “दहाच्या वर कधीच नाही. दर वेळी हात ठेवून मोजलंय.”

ते बाजूला सरकले. “बघायचंय आत?”

“तुम्ही बघितलंत ना,” मी म्हणालो.

त्यांनी दिवा बंद केला. म्हणाले, “दुसरी करून देतो. पैसे नकोत.”

मी आभार मानले. आभारसुद्धा मानले मी.

इथे थांबलो असतो तर मी फक्त खोटारडा ठरलो असतो. पण त्या वर्षी मी क्लबचा सचिव होतो. इतिवृत्त मी लिहीत असे. सप्टेंबरच्या सभेच्या इतिवृत्तात माझ्या अक्षरात एक ओळ आहे. कुणी ती लिहायला सांगितली नव्हती. ‘अ. टॉलेफ्सन यांनी बसवलेली नळी सदोष निघाली. सभासदांनी नोंद घ्यावी.’

सभासदांनी नोंद घेतली. पाच जणांनी नळ्या सांगून ठेवल्या होत्या. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पाचही रद्द झाल्या. त्यानंतर अकरा वर्षं ज्या माणसाच्या हाताखालून केसभर फरक सुटत नव्हता, त्याने तुमच्या गवत कापायच्या यंत्रांची पाती घासून दिली आणि गुरांच्या कुंपणाची फाटकं जोडून दिली. लेथवर ताडपत्री होती. मार्लिसबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचं खाल्लंय. त्या तिथे का आल्या, ते कुणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

नवी नळी आजही उत्तम मारते. तिच्यावर मी तीन वेळा करंडक घेतला. कारण सरळ आहे. दर दहा गोळ्यांनी मी हात ठेवतो आणि मोजतो. पोलाद तेच, कारागीर तोच. मग पहिलीत दोष कुठला होता? सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नाही. मी रोज वाट बघितली, आणि कुणी विचारला नाही म्हणून रोज बरंही वाटलं.

तुम्ही म्हणाल, ते स्वतः का बोलले नाहीत? सहा वर्षांपूर्वी वाणसामानाच्या दुकानात मार्लिसबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, “मी त्याला तेव्हा विचारलं होतं. म्हणाला, गिऱ्हाइकानं आपल्या बंदुकीचं काय केलं ते गावात सांगत फिरणं माझं काम नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि तुझं काम रे, व्हर्लिन?”

मी म्हणालो, या आठवड्यात बटाट्यांना फार मोड आलेत.

अर्विड, तुम्ही हाताने मला खाली बसायला सांगताय. सव्वीस वर्षं मी बसलोच होतो.

अजून एक गोष्ट आहे. ती अर्विडनी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अर्विड प्रत्येक नळीवर, दस्त्याच्या आत झाकली जाते त्या जागी, आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकतात. गेल्या हिवाळ्यात दस्ता बदलायचा म्हणून मी पहिल्यांदाच ही दुसरी नळी त्यातून बाहेर काढली. ती जागा कोरी आहे. घासून गुळगुळीत केलेली, स्वच्छ, आणि कोरी. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला कशाला सांगतोस?”

म्हणून आज तुम्हाला सांगितलं.

अध्यक्षबाई, घड्याळ मला दिसतंय. आता एक कामाचं. आपल्या क्लबच्या नियमाप्रमाणे जुन्या इतिवृत्तातली दुरुस्ती ठराव मांडून होते, आणि ठरावाला अनुमोदन लागतं. आज सभा नाही, पण मी आत येताना सभासद मोजले आहेत, एकतीस आहेत, म्हणजे गणपूर्ती आहे. ठराव असा आहे: ‘सव्वीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधील ती ओळ खोटी आहे. नळीत दोष नव्हता. ती व्हर्लिन हाउक याने जाळली, आणि हे त्याला लिहितानाच माहीत होतं.’ शब्द माझेच राहू द्यावेत, सौम्य करू नयेत.

ज्यांनी त्या वेळी नळ्या रद्द केल्या त्यांतले दोघे इथे आहेत. मी त्यांच्याकडे बघणार नाही. त्यांनी सचिवाच्या शब्दावर विश्वास ठेवला, यात त्यांचा काही गुन्हा नाही.

मला बोलायला बोलावलं याबद्दल अध्यक्षबाईंचे आभार. ज्यांनी सकाळपासून भट्टीपाशी उभं राहून मांस भाजलं आणि कुखेनचे गोड केक केले, त्यांचेही आभार. माझ्यामुळे सगळं गार होतंय. कुणाची संध्याकाळ मी बिघडवली असेल तर त्याने मला माफ करावं. अर्विड आणि मार्लिसबाईंकडे मी माफी मागतो. ती त्यांनी द्यावी असं मात्र मी म्हणत नाही.

ठराव मांडणाऱ्याने अनुमोदन मिळेपर्यंत उभं राहायचं, असा आपल्याकडे नियम आहे. मी उभा आहे.