तुमसरच्या दंगलीतला दुसरा पैलवान

(भिलाई, पोलाद कारखान्याजवळचं खुर्सीपार, १९६१. रविवारची सकाळ. शामरावांच्या नलूसाठी स्थळ आलं आहे; मुलाचे वडील देवीदास चहाला बसले आहेत. सोयरीक जवळपास ठरलेली, बिघडायला फक्त बोलणं उरलं आहे. शामरावांच्या मुलाच्या, गुलाबच्या, डोक्याला पट्टी.)

शामराव : ...अन् याले तुमी खेळ म्हनता, देवीदासजी? बावीस जन एका चेंडूमागं पयते, अन् डोकं कोनाचं फुटते? त पाह्यनाऱ्याचं! चार टाके पडले.

गुलाब : बाबा, पत्थर उधर से आया. आपल्या टीमच्या भैयालालनं खदानवाल्या पोट्ट्याच्या पायाची नळी तोडली, बस. क्या किक थी! वहीं गिरा, उठलाच नाई.

शामराव : अन् तू नाचत होता.

गुलाब : सब नाच रहे थे. भैयालाल म्हनजे भैयालाल!

शामराव : आयका. यायचे हिरो हे असे. मानूस पाह्यला त आमी. धोंडबा पैलवान! तुमालेबी कुस्तीचा नाद होता म्हने.

देवीदास : होता. जवानीत.

शामराव : मंग तुमसरची दंगल आयकली असन. अडतीस साल, नागपंचमी.

देवीदास : आयकली.

शामराव : मी होतो जी तिथं! पहिल्या रांगेत, बांबूले धरून. धोंडबाचा लाल लंगोट, मानेवर माती. समोर रेल्वेचा कोनीतरी गँगमन, डोंगरगडचा.

गुलाब : नाव काय त्याचं?

शामराव : हरलेल्याचं नाव कोन ध्यानात ठेवते बे?

देवीदास : बरोबर हाये. पुढं?

शामराव : पाच मिनटात धोबीपछाड. दोन्ही खांदे मातीले, कुस्ती खतम. पन धोंडबा उठला नाई. गँगमनचा उजवा हात त्यानं बगलेत धरून ठेवला अन् आमच्याकडं पाह्यलं. जसं काई विचारून राह्यला.

देवीदास : काय?

शामराव : तोडू का, म्हनून! मंग काय, तीन हजार लोकायचं एकच तोंड झालं. तोड! तोड! असा पिरगाळला देवीदासजी, वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज. कोपरातून हाड भायेर. गँगमन बोंबलला, तोंडात माती गेली त तेबी बंद. लोकायनं फेटे उडवले. माहा घसा तीन दिवस बसला होता.

गुलाब : अन् माह्या भैयालालले कसाई म्हनता.

शामराव : चूप! ते कुस्ती होती. इवाईबुवा, चहा थंडा होऊन राह्यला. डाव्या हातानं कावून घेता?

देवीदास : उजवा कोपरातून वळत नाई.

शामराव : प्लांटमंधी झालं काय?

देवीदास : नाई. त्याच्या लय आधी. डोंगरगडले होतो मी तवा. गँगमंधी.

गुलाब : ...बाबा.

देवीदास : पहिल्यांदी ‘तोड’ कोन म्हनलं ते मले दिसलं नाई. तोंड मातीत होतं. पहिल्या रांगेतून आवाज आला, येवढं मालूम हाये.

शामराव : लय लोक होते जी पहिल्या रांगेत.

देवीदास : होते ना. कोनी तुमसरचं नाव काढलं का मी जवळ सरकून बसो. गाडीत, बाजारात, इथं फर्नेस उभी होत होती तवा. दोन वर्सं खिशात वस्तरा ठेवला होता. सापडला का नरडंच कापाचं.

शामराव : मीच म्हनलो होतो. पहिला.

गुलाब : काका... वस्तरा?

देवीदास : घरी हाये. दाढी करतो त्यानं. डाव्या हातानं, म्हनून गालावर हे चिरे.

शामराव : मंग आता नलूचं तुमी नाईच म्हनान.

देवीदास : नलूनं काय तोडलं माहं? फक्त माह्या पोराले हे मालूम नाई. हात मशीनमंधी गेला म्हनून सांगतलं.

शामराव : कावून?

देवीदास : त्याच्या खाटेवर धोंडबाची तसबीर टांगली हाये. लहानपनी दंगलीची गोष्ट सांग म्हने. बाप हरला, हे काय सांगू? जिंकनाऱ्याचीच सांगत गेलो. रंगवून.

शामराव : अन् हात तोडल्याचं?

देवीदास : तेबी सांगतलं. त्याले तेच सर्वात आवडते. तुमी डोळ्यानं पाह्यली म्हनल्यावर लग्नात तो इचारनच. सांगा त्याले. मी तवा मांडवाच्या भायेर उभा राहीन.