ब्रॅडॉक जिंकायला हवं

(नोव्हेंबरातला शनिवार, नेब्रास्का. टीव्हीवर ब्रॅडॉक कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच, हातानं चेंडू फेकायची आणि अंगावर झेपावून पाडायची. सोफ्यावर वेंडेल आणि त्याचा मुलगा कोल्बी, दुसऱ्या एका कॉलेजच्या संघातला बचावपटू.)

वेंडेल : अरे पळ ना मेल्या! बघ, परत आडवा. कोल्बी, हीच का रे ती ब्रॅडॉकची टीम?

कोल्बी : हीच. सप्टेंबरात आम्ही हरवलेली.

वेंडेल : तेव्हा काय शिव्या घातल्या मी यांना! आणि आज यांच्यासाठीच देव पाण्यात घालून बसलोय.

कोल्बी : बसावंच लागणार. आमच्या गटातल्या टीमना बाद फेरीची निवड समिती हिंग लावून विचारत नाही. गटाबाहेरची तगडी टीम एकच, ब्रॅडॉक. ते जिंकले तरच आमच्या जिंकण्याला किंमत.

वेंडेल : अरे, पण वर्षभरात एक मॅच हरला नाहीत तुम्ही! बाद फेरीत घ्यायला आणखी काय हवं?

कोल्बी : ते विचारतात, हरवलं कुणाला?

वेंडेल : मग आणखी एखादी तगडी टीम बोलवायची होती.

कोल्बी : कोण येतंय, बाबा? आम्हाला हरवून त्यांना मान नाही, आमच्याकडून हरले तर अब्रू जाते. ब्रॅडॉकशी मॅचसुद्धा मी शाळेत असताना ठरलेली.

वेंडेल : थांब, अजून वेळ आहे. एक चेंडू नीट फेकला की—

कोल्बी : फेकणार कोण? फेकणारा तो काय, कडेला उभाय. हात गळ्यात बांधून.

वेंडेल : डॅरियन? खांदा अजून बरा नाही त्याचा?

कोल्बी : ऑपरेशन झालं. सप्टेंबरात मी त्याला पाडल्यापासून ब्रॅडॉक एकही मॅच जिंकलेलं नाही.

वेंडेल : नियमात पाडलंस तू. पंचानं शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

कोल्बी : हो. नियमातच.

वेंडेल : आणि नसतं पाडलंस तर?

कोल्बी : तर त्या चेंडूवर ते जिंकले असते. तरीही मी इथंच बसलो असतो, तुमच्या शेजारी.

वेंडेल : ...गेली. हरली गाढवं. तरी बघ, नावं अजून जाहीर व्हायचीयत. समितीला वाटलंच तर—

कोल्बी : नका ना, बाबा. शेवटचं वर्ष होतं माझं. आता नाही खेळणार मी कधी. फार वाईट वाटतंय, तेवढं वाटू द्या.

वेंडेल : बरं. ...तो भिंतीवरचा फोटो काढतो मी. तू डॅरियनवर झेप घेतलीस तो. मीच मेला हौसेनं एवढा मोठा करून आणला.

कोल्बी : राहू द्या.

वेंडेल : अरे, बघवणार नाही आता.

कोल्बी : राहू द्या हो. त्यात तो अजून उभा आहे.