सगळ्यात उत्तरेची जमीन

कुवेतच्या लढाईचा विषय निघाला की मला आमचा सदूभाऊ आठवतो. गुहागरचा पाइप फिटर, सौदीतल्या अबकैकच्या तेल कंपनीच्या कॅम्पात माझ्याच खोलीत राहायचा. आमच्या खिडकीला चिकटपट्ट्या, उशाशी गॅसचे मास्क, आणि हा घरी लिहायचा, "काळजी नको. लढाई इथून लांब, पार उत्तरेला आहे."

त्याच्या सहावीतल्या मुलीने विचारलं, "बाबा, नकाशात सगळ्यात उत्तरेला ग्रीनलँड आहे. लढाई तिथे आहे का?"

ग्रीनलँड डेन्मार्कचं, म्हणून सदूभाऊने प्लांटमधल्या डॅनिश इंजिनिअरला गाठलं. तो म्हणाला, ग्रीनलँडच्याही वर खडीचं एक इवलंसं बेट सापडलं होतं, पण लोक पुन्हा शोधायला गेले की कधी दिसतं, कधी नाही.

"मग झालं की काम," म्हणत सदूभाऊ लिहायला बसला. "बाय माझे, लढाई ग्रीनलँडच्याही वरच्या एका बेटावर आहे. पण बेटच कुणाला सापडत नाही." मध्येच सायरन वाजला. त्याने मास्क चढवला आणि तसंच पत्र पुरं केलं.

उत्तरात मुलीने बेटाचं चित्र काढून पाठवलं. खाली बायकोचं अक्षर होतं, "पोरीला पटलं. आता मला खरं काय ते लिहा."