शिवणवर्गातलं हळदीकुंकू

मी मूळची संगमेश्वराकडची. लग्न होऊन कल्याणला आले, नवरा रेल्वेत फिटर, आणि चार पावसाळे नाही झाले तोच तापाने गेला. सासू म्हणाली, रडत बसण्यापेक्षा शिवण शीक. म्हणून मी बायकांच्या त्या उद्योगवर्गात गेलेले. काय सांगू तुम्हाला, उद्घाटनाला काय ती भाषणं, की इथे जातपात नाही, गाववाली नि निर्वासित असा भेद नाही, सगळ्या बहिणी. मला खरंच भरून आलेलं हो.

माझ्या मशीनवर जोडीला गोपी, निर्वासितांच्या छावणीतली सिंधीण. ती शिवायची तेव्हा मी काजं करायची, मग उलट. तिला मराठी धड नाही, मला हिंदी नाही, तरी तिचा नवरा स्टेशनाबाहेर पापड विकतो, मुलगी एक आहे, सगळं मला ठाऊक. बाकीच्यांनी दोन वर्षांत एका शब्दाने विचारलं नाही. सुईदोरा मागायचा तेवढाच बहीणपणा!

संक्रांतीला वर्गात हळदीकुंकू काढलं, मोठ्या घरची पाहुणी येणार होती. वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, अनसूया, तू नि गोपी आत बसा, तिळगुळाच्या पुड्या बांधा. माझं समजलं, झोंबलं पण समजलं. मी म्हटलं, गोपी का? तर आवाज बारीक करून म्हणतात, अगं बिचारीचा नवरा फाळणीच्या दंग्यात गेला ना तिकडे. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? सांगायला कशाला हवं, पांढरे कपडे, कपाळ मोकळं. मी म्हटलं, अहो, त्यांच्यात बायका अशाच राहतात, नवरा धडधाकट आहे तिचा!

अगंबाई, म्हणत बाई करंडा घेऊन धावल्याच. गोपीचा हात धरला, चल चल बाहेर, पाहुण्यांना एक तरी सिंधीण दिसायला हवी. शी! किळस आली मला, अजून येते. गोपी माझ्याकडे बघायला लागली, मी अर्धं हातवाऱ्यांनी समजावलं. तिने विचारलं, तू? म्हटलं, मी नाही. तशी तिने हात सोडवून घेतला, खाली बसली आणि म्हणाली, मी अनसूयाबरोबर. आम्ही पुड्या बांधत होतो आणि बाहेर पाहुणी सांगत होती, इथे किती आपलेपणा आहे, किती एकोपा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फर्मान काढलं, बोलावूनही बाहेर आली नाही म्हणून गोपीने सगळ्यांची माफी मागावी, नाहीतर येऊ नये. ती आली नाही. मीही गेले नाही, परीक्षा तोंडावर आलेली तरी. आता आम्ही दोघी माझ्या ओटीवर शिवतो, सासू तिच्या हातचे पापड मिटक्या मारत खाते.

परवा बाईंचा निरोप आला, यंदा वर्गाच्या समारंभात गोपीला नि तुला स्टेजवर बसवायचंय, एकोप्याचा नमुना म्हणून. तोंड बघा! देव त्यांचं बरं करो, फक्त त्यांनी आम्हा दोघींना विसरावं.