पायल पहिली, मी दुसरी

सर, मॅडम, समुद्रपूरहून आलेले पायलचे आई-बाबा, आणि विभागातल्या मित्रमैत्रिणींनो,

मी निधी. पायलसोबत याच संवादशास्त्र विभागात पीएच.डी. करते. बोलायला उभी राहिले खरी. डेंग्यूचं निमित्त झालं आणि पोरगी गेली. काय बोलायचं?

इथे सगळे तिच्याबद्दल गोड बोलले. मला ते जमणार नाही. मी तिच्यावर जळायची. अजूनही जळते.

माझं घर इथेच, बोरगाव मेघेला. ती रोज समुद्रपूरहून एसटीने धापा टाकत यायची. आणि शोधनिबंध कुणाचा छापला? पायलचा. शिष्यवृत्ती? पायलला. परिषदेत बक्षीस? पायलला. आमचे बाबा दुकान बंद करून घरी आले की विचारायचे, "यंदाही तेच पोट्टी का?" जेवण जायचं नाही मला.

एकदा सेमिनारमध्ये मी मोबाइलवरच्या खोट्या बातम्यांवर बोलले. लोक त्या पुढे का पाठवतात, याचे मोठमोठे सिद्धांत मांडले. पायल उठली. "काऊन व निधी, शेजारीण वाटीत भाजी देते, त आपण वाटी रिकामी वापस करतो का? तसंच हाय हे. कोणी मेसेज धाडला, त आपणही कायी तरी धाडतो. खरं-खोटं कोण पाह्यते?"

आधी सगळे हसले. मग टाळ्या. सर तर खुर्चीतून उठलेच. तिथून तिचा प्रबंध सुरू झाला. अहो, अशा वाट्या लहानपणापासून मीच पोचवत आले शेजारी! मग मले काऊन नाई सुचलं? सांगा ना, मले काऊन नाई सुचलं?

आज दारातच काकूंनी, पायलच्या आईंनी, माझा हात धरला. "तूच का व निधी? पायल म्हणे, आई, ते निधी मागं लागून राह्यली, मले झोपताच येत नाई."

म्हणजे तीही मला घाबरत होती! भैताड पोट्टी, वेडी कुठली, एकदा तोंडावर सांगायचं होतंस ना. काकू, माफ करा, मला इतका आनंद झाला की मी मागच्या जिन्यात जाऊन रडले.

आता शेवटचं. विभागाचा यंदाचा संशोधन पुरस्कार पायलचा ठरला होता. काल सर म्हणाले, नियमाने तो आता दुसऱ्या क्रमांकाला, म्हणजे मला द्यावा लागेल. सर, मी घेणार आहे. नको म्हणण्याएवढा मोठेपणा माझ्यात नाही. मला तो हवाच होता. पण तिला हरवून हवा होता, असा नाही. म्हणून एवढं करा. माझं नाव दुसरी म्हणून पुकारा. त्याआधी पहिलीचं नाव घ्या, आणि ती उठून येईल एवढा वेळ थांबा.

आजही तेवढंच करू. सगळे उभे राहा. मी नाव घेते. त्यानंतर कुणी काही बोलू नका.

पायल.