कागदावरची बासिलिसा

...आणि एवढं सगळं करून वर मलाच विचारतात, तुमचं लग्न खरं कशावरून? तुम्हाला सांगतो, तेरा वर्षं झाली लग्नाला, त्यातली तीन एकत्र काढली, पुढची दहा वर्षं बायको तिकडे दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतेय आणि मी इकडे इलोइलोत तीनचाकी चालवतोय, दहा वर्षं फोनवर संसार, खोट्या लग्नाला एवढा धीर कुणाला असतो हो? कुठल्या देशाची वकिलात ते मात्र विचारू नका, अजून विमानात बसलेलो नाही मी.

तर सिदिंगला, म्हणजे बायकोला, तिकडचं नागरिकत्व मिळालं, तिनं माझ्यासाठी अर्ज केला आणि तिथून सुरू झालं. लग्नाचा दाखला नेला, तर म्हणे चर्चचा नको, सरकारी आणा. सरकारी नेला, तर म्हणे फोटो दाखवा. फोटो होते की, पण सगळ्यांत मेहुणा मध्ये उभा. म्हणे दोघांचेच हवेत. आता लग्नात दोघंच असतो तर एवढं डुक्कर कापलं कुणासाठी? पण नाही... कागदावर नाही म्हणजे नाहीच.

मग मनिलाला जाऊन छातीचा एक्स-रे. चाळीस नवरे एका रांगेत, अंगावर नुसत्या चड्ड्या, हातात फायली. माझ्या पुढचा म्हणाला, "भाऊ, बायकोनं मला दोन वर्षांत असं पाहिलेलं नाही, सरकारनं आधी पाहिलं." कुणी हसलं नाही. सगळ्यांना क्षयबिय निघायची धास्ती.

मुलाखतीच्या दिवशी पहाटेपासून रांग. फोन आत नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या भजीवालीकडे ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि आत गेलो. काचेपलीकडे एक कोवळा साहेब. आमची भाषा पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे फारच अदबीनं बोलायचा. "श्रीमान नार्सिसो, आपली धर्मपत्नी कोणत्या कुशीवर निद्रा घेते?" मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे एकच चटई होती, जागा मिळेल त्या कुशीवर. त्यानं लिहून घेतलं. नंतर पान उलटलं आणि म्हणाला, "बासिलिसा कोण?"

मी म्हटलं, माझी आई. वारली, सहा वर्षं झाली.

तो म्हणाला, "आपल्या पत्नीनं तिला मुलगी म्हणून लिहिलं आहे."

मी म्हटलं, साहेब, चूक झाली असेल, माझी आई ब्याऐंशीची होती, आणि सिदिंगचं नि तिचं एवढं वाकडं होतं की मुलगी सोडाच, सासू-सून म्हणूनही दोघी एकमेकींना मानत नव्हत्या.

त्यानं काचेखालून कागद सरकवला. सिदिंगचं अक्षर. अपत्ये : एक. नाव : बासिलिसा. हयात : नाही. आणि माझ्या अर्जावर त्याच रकान्यात माझ्या हातानं लिहिलेलं... अपत्ये : शून्य.

तुम्हाला काय सांगू. झालं होतं आम्हाला एक बाळ. अकरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात. नऊ दिवस होतं. मी परत आलो, म्हणजे शहरात न्यायला गाडी आणायला गेलो होतो, तोवर संपलं होतं. त्या रात्री मी सिदिंगला म्हणालो होतो, या घरात आता हा विषय नको. मीच म्हणालो होतो. तिनं ऐकलं. पुढच्या वर्षी ती परदेशी गेली. त्या बाळाला काही नाव होतं हे मला त्या काचेपाशी, सदतीस नंबरचं तिकीट हातात धरून कळलं.

साहेब म्हणाला, "दोन्ही अर्जांत तफावत आहे. तिचा जन्मदाखला आणि मृत्यूचा दाखला आणावा." मी म्हटलं, नोंदच केली नव्हती. त्यानं खांदे उडवले नाहीत, वाईट माणूस नव्हता, पण काय करणार बिचारा? कागदावर नाही म्हणजे नाहीच.

गावी परतलो. साक्षीला सुईण लागणार, म्हणून ओदोन मावशीकडे गेलो. आता तिला दिसत नाही. म्हणाली, "श्वास घुटमळायला लागला तेव्हा पाद्रीला बोलवायला वेळ नव्हता, मीच कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा केला. सिदिंगला विचारलं, नाव सांग. तिनं लगेच सांगितलं." मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस, मावशी? म्हणाली, "तू दारात उभा राहून कुणालाच तोंड उघडू देत नव्हतास."

नगरपालिकेत गेलो. खिडकीतली बाई अर्ज बघते, चष्मा वर करते, म्हणते, "आज फक्त जन्म होईल. मृत्यूला पुढच्या मंगळवारी या." मी म्हटलं, बाई, दोन्ही एकदम उरका ना. म्हणाली, "आधी जन्मायला नको का? नोंदीत नसलेलं माणूस मारायचं कसं?" बरोबरच आहे तिचं. कागदावर नाही म्हणजे नाहीच. शिक्का मारून दाखला हातात दिला. बासिलिसा, मुलगी, वडील नार्सिसो.

आणि आता हसू नका... तो आठवडाभर माझी मुलगी जिवंत होती. अकरा वर्षांची. कागदावर होती, म्हणजे होतीच. शाळा सुटल्यावर पोरी तीनचाकीत बसायच्या, पाच-पाच जणी कोंबलेल्या, आणि मी विचारायचो, कितवीत गं तू? सहावीतली म्हणाली की मनात म्हणायचो, आमचीही सहावीतच.

मंगळवारी गेलो नाही. टायर पंक्चर होता, असं सगळ्यांना सांगितलं.

मार्च चालू होता. त्या रात्री सिदिंगला फोन केला. तिकडे सकाळ, ती कुणा म्हातारीला खिमट भरवत होती. मी म्हटलं, तू नाव ठेवलंस आणि मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस." मी म्हटलं, पण माझ्या आईचं? तुमचं तर पटत नव्हतं. मागे म्हातारी खोकत होती. मग म्हणाली, "तुझी आई माझ्याशी भांडायची, तुझ्याशी भांडायची, डॉक्टरशी भांडायची, आणि खणखणीत जगायची. मला वाटलं, हिनंही भांडावं. तेवढ्यासाठी ठेवलं."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

पुढच्या मंगळवारी गेलो. बाईनं कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. ओदोन मावशीनं सांगितलं ते लिहिलं. शिक्का तोच, शाई तीच.

पुन्हा मनिला, पुन्हा रांग, पुन्हा तोच साहेब. दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून त्यानं नीट वाचले आणि एका दमात म्हणाला, "आपल्या दुःखात सहभागी आहे, आपले अभिनंदन, आपला व्हिसा मंजूर आहे."

वाटलं, सुटलो. कसला सुटतो? आता आपलं सरकार म्हणतं, बायको परदेशी नागरिक आहे ना, मग जाण्याआधी समुपदेशनाला बसा. बसलो. पंख्याखाली वीस जण, सगळ्या नव्या नवऱ्या, आणि त्यांच्यात मी एक टकल्या. समुपदेशनाची बाई प्रत्येकाला विचारत होती, फसवणूक व्हायला नको म्हणून, जोडीदाराची ओळख किती दिवसांची? कुणी म्हणालं सहा महिने, कुणी म्हणालं वर्ष. माझ्याजवळ आली.

म्हटलं, बाई, लग्नाला तेरा वर्षं झालीत. ओळख म्हणाल तर आत्ता, या मार्चात झाली.

तिनं मार्च लिहून घेतलं.