डेरेकची काळी टेप

पुरुषोत्तम : बंदुकीची नळी कापायची नाही म्हणजे नाही. त्या अ‍ॅलनला काय, शिंप्याला विचारलं तर तो म्हणणारच, बाह्या आखूड करू.

नीना : आधी बूट काढा. जंगलातून आल्यासारखे सरळ स्वयंपाकघरात. दिया, बस गं बाळा, चहा टाकलाय. आणि बंदूक कुठाय?

दिया : अ‍ॅलनच्या गन वर्कशॉपमध्येच आहे. आजोबांनी काउंटरवर टाकला आणि बाहेर जाऊन कारमध्ये बसले. रिसीट घ्यायला मी एकटीच. आजी, ॲक्चुअली मला एक सांगायचंय—

पुरुषोत्तम : टाकली नाही, ठेवली. मी वस्तू टाकत नाही.

नीना : सकाळी किती खुशीत गेलात. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता नवी दुर्बीण बसवतो, बंदुकीला नवं रूप देतो म्हणालात. मग झालं काय?

पुरुषोत्तम : दुर्बीण बसली. छान बसली. खांद्याला रबरी गादीही लावली त्यानं. मग मीच तोंडानं बोललो, की इस्टेटवाल्यांचा नवीन नियम आलाय.

नीना : कसला नियम?

दिया : आजी, आजोबा ज्या वुड्समध्ये डिअर मारायला जातात ना, त्यांचा ईमेल आला. जानेवारीपासून रायफलला मॉडरेटर पाहिजेच. नाहीतर एंट्री नाही.

नीना : ते काय असतं?

पुरुषोत्तम : आवाज दाबायचं नळकांडं. बाजूला नवी घरं झालीत, त्यांची कुत्री घाबरतात. ते नळकांडं नळीच्या टोकाला पिळून बसवायचं. म्हणजे टोकाला आटे पाडायचे. आटे पाडायचे तर नळी इंचभर कापायची आणि वरची पितळी माशी उडवायची.

नीना : माशी?

पुरुषोत्तम : नेम धरायची माशी गं, टोकावरचा मणी. किती वेळा दाखवलाय तुला. डेरेकनं स्वतःच्या हातानं घासून केलेला.

नीना : मग दुर्बीण आहे ना आता? मण्याशिवाय अडतंय काय?

पुरुषोत्तम : मण्याचा प्रश्न नाही! अठ्ठावन्न सालची बंदूक आहे. बर्मिंगहॅमला घडलेली. आजवर तिच्या नळीला कुणी कानस लावलेली नाही. आणि ती मी कापू?

दिया : आजोबा, त्याच्याबद्दलच मला—

पुरुषोत्तम : तू थांब. तुला नाही कळायचं ते. डेपोत मी चौतीस वर्षं बसगाड्यांचे आटे पाडले, मला आट्यांचं भय नाही. शब्दाचं आहे. डेरेक हॉस्पिटलात शेवटचा पडला होता, तेव्हा माझा हात धरून काय म्हणाला?

नीना : पाठ झालंय मला.

पुरुषोत्तम : ‘परशा, तिला कधी कापू देऊ नकोस.’ तीस वर्षं माझा फोरमन होता, पण साहेबासारखा कधी बोलला नाही. जंगलात मला पहिल्यांदा त्यानं नेलं. वारा कुठून येतो, पाऊल कुठं टाकायचं, कुठलं हरीण मारायचं आणि कुठलं सोडायचं, सगळं त्याचं शिकवणं. आणि मरताना मागितलं काय? एवढंच.

नीना : आणि माझ्या हातचं हरणाचं मटण. तेही मागितलं होतं. डबा भरून नेला मी, नर्सबाई नाक मुरडत होती.

पुरुषोत्तम : बंदूक काही त्यानं फुकट दिली नाही. रीतसर विकत घेतली मी. पोलिसांच्या लायसन्सवर तिच्या नावाची एक ओळ चढवून घ्यायला अकरा महिने गेले. अकरा महिने ती दुकानदाराच्या कपाटात पडून. दोघे जण जास्त द्यायला तयार होते, तरी त्याची बायको मार्गारेट म्हणाली, पुरुषोत्तमलाच जाईल, तो तिला मोडतोड करणार नाही.

नीना : मग नका कापू. ठेवा कपाटात जशीच्या तशी.

पुरुषोत्तम : तेही जमत नाही, हाच तर घोळ आहे! फेब्रुवारीत लायसन्स रिन्यू करायला पोलिसांकडची बाई येईल. ती विचारणार, ही शेवटची कधी वापरली? वापरत नसाल तर कशाला ठेवलीत? इथं बंदूक शोभेला ठेवता येत नाही. कापली तर डेरेक गेला, नाही कापली तर बंदूक गेली.

नीना : अहो, मग जंगल बदला.

पुरुषोत्तम : जंगल बदला! बसचा पास आहे का तो? ते जंगल मिळायला सहा वर्षं रखवालदाराच्या मागं मागं फिरलोय मी.

दिया : आजी, ते अजून मेन गोष्ट सांगतच नाहीयेत. टेस्टचा.

पुरुषोत्तम : काही नाही ते.

दिया : नाही काय? अ‍ॅलननं पाच बुलेट्स मारल्या. शंभर यार्डवर. आजी, एवढा मोठा पसारा होता, तुझ्या जेवणाच्या ताटाएवढा! पूर्वी म्हणे सगळ्या एका कॉइनखाली झाकायच्या.

नीना : बिघडली कशी? एप्रिलमध्ये आणली तेव्हा तर तुम्ही नेमाचा तो कागद मिरवत होतात सगळ्यांना.

पुरुषोत्तम : जुनी झाली.

दिया : जुनी नाही. तोंडाला गंज आहे. अ‍ॅलननं टॉर्चनं दाखवला. बॅरलच्या एंडला, आतल्या कडेला छोटे छोटे खड्डे. आणि लाल लाल काहीतरी चिकटलेलं. तो म्हणाला, ‘व्हॉट ऑन अर्थ इज धिस?’ आणि आजोबा वॉक आउट.

नीना : लाल?

पुरुषोत्तम : हो, लाल! बघतेस काय? कुंकू! दसऱ्याचं कुंकू! कालवलं होतंस किती ते, लग्नाच्या मळवटासारखं थापलंस. पाणी नळीत उतरलं.

नीना : मी थापलं? अहो, मी हात तरी लावला का? कायदा आहे, लायसन्स माझं नाही, तू लांबूनच लाव, असं सतरा वेळा बजावलंत. बंदूक हातात धरून तुम्ही उभे, आणि मी आरतीला आल्यासारखी हात लांब करून एक बोट टेकवलं.

पुरुषोत्तम : ओलं बोट.

नीना : कोरडं कुंकू चिकटतं का लोखंडाला? आणि काय हो, तिच्या तोंडाला ती काळी चिकटपट्टी असायची ना? डेरेकची टेप? ती कुणी काढली?

पुरुषोत्तम : चहा झाला का?

नीना : आता चहा आठवला? मी म्हणाले होते, राहू द्या ती, वरूनच लावते. तर म्हणे, तोंड बांधलेल्या शस्त्राची पूजा कसली? नखानं खरवडून काढलीत. आणि दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन आले, तर पूजेचं लगेच पुसू नये म्हणालात.

पुरुषोत्तम : संध्याकाळी पुसणार होतो मी. तर दुपारीच हॉस्पिटलचा फोन, नंबर लागला डोळ्याचा, उद्या या. मग ते थेंब, ती पट्टी, वाकायचं नाही, उचलायचं नाही. तीन आठवडे कपाटाची चावी फिरवली नाही मी. आणि ते कपाट जिन्याखाली, बाहेरच्या भिंतीला. ओल येते तिथं.

दिया : म्हणजे कोणाचा चुकी आहे?

नीना : विचार त्यांना.

पुरुषोत्तम : माझी! माझी आहे, बस? डेरेक नऊ वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडत होता, तिच्या तोंडाला जप. गोळीचा शेवटचा स्पर्श तिथं होतो. तिथं एक खड्डा पडला तर गोळी भरकटते, हरीण जखमी होऊन झाडीत पळतं आणि हालहाल होऊन मरतं. पाऊस असो, ऊन असो, घरातून निघताना तो पहिली टेप लावायचा. आणि मी ती नखानं खरवडली. देवाचं करायला गेलो.

नीना : बरं, आता त्या गंजाला उपाय काय?

पुरुषोत्तम : उपाय एकच. खड्डे आहेत तेवढं टोक कापायचं आणि नवं तोंड घडवायचं. म्हणजे पुन्हा कापाच! नळकांडं नको म्हटलं तरी कापा. माझ्याच हातानं मी तिला कापायच्या लायकीची केली. मार्गारेट पंधरा दिवसांनी साउथहॅम्प्टनला लेकीकडे जातेय कायमची. या बंदुकीचं पहिलं हरीण तिच्या घरी पोचवीन म्हणालो होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू तिला?

दिया : आजोबा, प्लीज—

पुरुषोत्तम : नको, दिया.

दिया : नाही! आता मला बोलू द्या! दोन तास झाले, कारमध्ये पण बोलू दिलं नाही, रेडिओ मोठा केला. तुम्ही वॉक आउट केल्यावर अ‍ॅलननं मला एक गोष्ट दाखवला. त्याच्याकडे जुना कॅटलॉग आहे. त्याच्यात या रायफलची बॅरल बावीस इंच आहे. त्यानं माझ्यासमोर मोजली. आपली साडेवीस आहे.

पुरुषोत्तम : चुकला असेल.

दिया : दोनदा मोजली. आणि पितळेची माशी कंपनीची नाहीच.

पुरुषोत्तम : ते मी सांगितलंच की. डेरेकनं घासलेली.

दिया : पण का घासली? विचारलं तुम्ही कधी? कंपनीची माशी गेली कुठे? अ‍ॅलन म्हणाला, ही बॅरल आधीच एकदा कापलेली आहे. मशीनवर नाही. हातानं, हॅकसॉनं. घरी.

पुरुषोत्तम : कुणी कापली? आधीच्या मालकानं?

दिया : आधीचा मालक नाही ना! डेरेकनी नवी घेतली होती, तुम्हीच सांगता नेहमी, पहिल्या पगाराच्या सेव्हिंगमधून.

पुरुषोत्तम : खोटं आहे. डेरेक तिला कानस लावू द्यायचा नाही. नीना, ऐकतेस का? काहीतरी बोल.

नीना : चहा घ्या.

पुरुषोत्तम : चहा काय घ्या? तुला ऐकू येतंय ना ही काय म्हणतेय ते?

नीना : ऐकू येतंय. मला माहीत आहे ते.

पुरुषोत्तम : काय माहीत आहे?

नीना : मार्गारेटनं सांगितलं होतं. आठ-नऊ वर्षं झाली. तुम्ही दोघे जंगलात, आम्ही दोघी तिच्या ओट्यापाशी मसाला भाजत. ती म्हणाली, डेरेक तरुणपणी एकदा ओढ्यात पडला. बंदूक चिखलात रुतली. समोर मोठं हरीण. घाईत बघितलं नाही त्यानं, तशीच उडवली. चिखलानं कोंडलेली नळी टोकाला फुगली. जीव वाचला हेच नशीब.

पुरुषोत्तम : डेरेकनं? नळीत न बघता?

नीना : रविवारचा दिवस होता. दिवसभर शेडमध्ये बसला. करवतीनं स्वतःच कापली, कानशीनं तोंड घासलं, घरच्या दाराच्या पितळी मुठीतून मणी केला. मार्गारेट दुपारी जेवायला बोलवायला गेली, तर हातात कापलेला तुकडा घेऊन रडत होता. गनस्मिथकडे जायची लाज वाटली त्याला. तिच्याकडून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही.

पुरुषोत्तम : आणि तू मला सांगितलं नाहीस? नऊ वर्षं?

नीना : तिनं माझ्याकडून वचन घेतलं.

पुरुषोत्तम : अगं, पण अकरा महिने मी ‘कधी न कापलेली, कधी न कापलेली’ करत फिरलो. आत्ता इथं तासभर छाती बडवतोय!

नीना : तुम्ही शब्द दिलात तो शब्द, आणि मी दिला ती काय कढी? आता दियाच्या तोंडून बाहेर पडलं, म्हणून बोलले. नाहीतर बोलले नसते. खुशाल बडवा म्हटलं असतं.

(पुरुषोत्तमनं कप उचलला, चहा न पिताच खाली ठेवला. नव्या डोळ्याला खिडकीबाहेरचा वाळत घातलेला टॉवेलही फार पांढरा, फार स्पष्ट दिसत होता.)

पुरुषोत्तम : म्हणून ती टेप.

नीना : म्हणून ती टेप.

पुरुषोत्तम : मला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे.

नीना : नंतर झालाच ना शिस्तीचा.

दिया : आजोबा, सॉरी. मला तुम्हाला दुखवायचा नव्हता.

पुरुषोत्तम : तू कशाला सॉरी? मी रेडिओ मोठा केला. किती वाजले?

दिया : सव्वातीन. अ‍ॅलन पाचपर्यंत आहे.

पुरुषोत्तम : इंचभर कापून गंज सगळा जातो का, विचारलंस?

दिया : पाऊण इंच पुरे म्हणाला. मग क्लीन तोंड, आणि त्याच्यावरच मॉडरेटरचे आटे. मार्गारेट जायच्या आधी रेडी होईल. मॉडरेटरची परमिशन तुमच्या लायसन्सवर आहे ना?

पुरुषोत्तम : आहे. डेरेकनंच मागून ठेवायला लावली होती. म्हणाला, असू दे, काळ बदलतो.

नीना : बघा. हे पण तोच म्हणाला होता.

पुरुषोत्तम : लाव फोन. माशी उडवू नको म्हणावं. जोडाचा डाख तापवून अलगद सोडव आणि पाकिटात घालून दे.

दिया : हॅलो, अ‍ॅलन? इट्स दिया, पुरुषोत्तम्स ग्रँडडॉटर... येस... ही सेज गो अहेड... आजोबा, ओके म्हणतोय. माशी जपून काढतो. आणि कापलेला तुकडा टाकून देऊ का, विचारतोय.

पुरुषोत्तम : टाकायचा नाही. तोही दे म्हणावं.

नीना : तो कशाला?

पुरुषोत्तम : पुढच्या दसऱ्याला त्याला लाव काय लावायचं ते. कितीही ओलं.

दिया : एक मिनिट, आजोबा... तो जॉब कार्ड भरतोय. विचारतोय, गंज कशानं आला? ते लाल काय होतं? कॉजच्या खाली काय लिहू?

नीना : सांगा आता.

पुरुषोत्तम : लिही म्हणावं... चिखल.